चुका पोटात घालणारा ब्राउझर

गणिताच्या उत्तरपत्रिकेत कंस उघडला आणि मिटायला विसरलात, तर काय होते हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे. गुरुजी लाल शाईने त्या जागी गोल करतात आणि एक गुण कापतात. आता अशा एका परीक्षकाची कल्पना करा, की जो कधीही गुण कापत नाही. तुमचा राहिलेला कंस तो स्वतःच मिटवतो, भलत्या जागी लिहिलेले वाक्य उचलून बरे दिसेल अशा जागी ठेवतो, आणि एवढे करून तुम्हाला त्याबद्दल अवाक्षरही सांगत नाही. असा परीक्षक कोणाला आवडणार नाही? पण त्याच्या हाताखाली शिकलेला विद्यार्थी पुढे कसे गणित मांडेल, याचाही विचार करून पाहा.

असा परीक्षक खरोखरच अस्तित्वात आहे आणि तुम्ही तो रोज वापरता. संगणकावर किंवा मोबाइलवर संकेतस्थळे पाहण्यासाठी जो ब्राउझर उघडतो, तोच हा. त्याच्या मायाळूपणामुळे संकेतस्थळे लिहिणाऱ्यांना कोणकोणत्या खोडी लागल्या, त्यांतल्या काही हसण्यासारख्या का आहेत आणि काही मुळीच हसण्यासारख्या का नाहीत, हे या लेखात पाहू.

खूणचिठ्ठ्यांची भाषा

पूर्वी छापखान्यात हस्तलिखित आले की त्यावर संपादक पेन्सिलीने खुणा करीत असे. हे शीर्षक, हे ठळक, येथे नवा परिच्छेद. त्या खुणा छापायच्या नसत. त्या खिळे जुळवणाऱ्या कामगाराला दिलेल्या सूचना असत. वेबपानाची भाषा नेमकी याच धर्तीवर बेतलेली आहे. तिचे नाव एचटीएमएल, म्हणजे हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि १९९१ साली या भाषेतील खुणांची पहिली यादी लोकांपुढे ठेवली. त्या यादीत जेमतेम दीड-दोन डझन खुणा होत्या. आज त्यांची संख्या शंभराच्या वर गेली आहे.

या खुणेला टॅग म्हणतात. गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' दाखवणारी जी दोन चिन्हे आपण वापरतो, त्यांच्यामध्ये खुणेचे नाव लिहिले की टॅग तयार झाला. बहुतेक टॅग जोडीने येतात. एक उघडणारा आणि एक मिटणारा. मिटणाऱ्या टॅगमध्ये नावाआधी एक तिरकी रेघ असते. 'ठळक' हा टॅग उघडला, चार शब्द लिहिले आणि टॅग मिटला, की ते चार शब्द ठळक दिसतात. ही भाषा शिकायला एक दुपार पुरते. ती नीट लिहायला मात्र शिस्त लागते, आणि गंमत तिथूनच सुरू होते.

उघडले, पण मिटलेच नाही

पहिली खोड अगदी साधी आहे. 'ठळक' उघडायचे आणि मिटायला विसरायचे. मग काय होते? त्या जागेपासून पानाच्या शेवटापर्यंत सर्व मजकूर ठळक होतो. एखादा मनुष्य एका शब्दावर जोर द्यायला आवाज चढवतो आणि मग उरलेले सर्व भाषण ओरडूनच करतो, तसा हा प्रकार.

दुसरी खोड गुंत्याची. एकात एक बसणाऱ्या डब्यांचा संच घ्या. मोठ्या डब्यात लहान डबा ठेवला असेल, तर आधी लहान डब्याचे झाकण लावले पाहिजे, मग मोठ्याचे. पण पुष्कळ लेखक 'ठळक' उघडतात, त्याच्या आत 'तिरके' उघडतात, आणि आधी 'ठळक' मिटून मग 'तिरके' मिटतात! गणितात चौकोनी कंसाच्या पोटातला गोल कंस मिटण्याआधी चौकोनीच मिटावा, तसे हे झाले.

अशा वेळी ब्राउझर काय करतो? तो आधी आतले 'तिरके' स्वतःच मिटतो, मग 'ठळक' मिटतो, आणि राहिलेल्या अक्षरांसाठी 'तिरके' पुन्हा उघडतो. अधिक गुंत्याच्या प्रसंगी एका टॅगच्या पोटातला मजकूर काढून दुसऱ्याच्या पोटी घालावा लागतो. त्यामुळे एचटीएमएलच्या अधिकृत नियमग्रंथात या रीतीला चक्क 'दत्तक देणाऱ्या संस्थेची पद्धत' अशा अर्थाचे नाव दिलेले आहे. ते नाव थट्टेखातर आम्ही दिलेले नाही!

याच ग्रंथात आणखी एक रीत आहे. तक्ता म्हटला की मजकूर त्याच्या घरांत, म्हणजे चौकटींत लिहिला पाहिजे. एखाद्याने कोणत्याही घरात न घालता तक्त्याच्या मध्येच एक वाक्य टाकून दिले, तर ब्राउझर त्या बेघर वाक्याला उचलतो आणि तक्त्याच्या आधी नेऊन ठेवतो. या रीतीचे नाव आहे 'पोरक्याचा सांभाळ करणे'. पान पाहणाऱ्याला वाटते, की हे वाक्य तिथेच असायचे असेल. लिहिणारा मात्र डोके खाजवत बसतो. आपण तक्त्यात लिहिलेले वाक्य तक्त्याच्या डोक्यावर कसे चढले?

ब्राउझर इतका दयाळू का?

हा मायाळूपणा उगाच आलेला नाही. १९९० नंतरच्या दशकात अनेक ब्राउझर एकमेकांशी स्पर्धा करू लागले. समजा, एका ब्राउझरने चुकीचे पान दाखवायला नकार दिला आणि दुसऱ्याने ते कसेबसे दाखवले. वाचक कोणाकडे जाईल? अर्थात दुसऱ्याकडे. 'हा ब्राउझर बिघडलेला दिसतो' असेच तो पहिल्याबद्दल म्हणेल. म्हणून प्रत्येक ब्राउझरने चुका पोटात घालायला सुरुवात केली. दुर्दैव असे, की प्रत्येकाची चूक सुधारण्याची रीत वेगळी होती. एका ब्राउझरमध्ये सुरेख दिसणारे पान दुसऱ्यात विस्कटून जाई, आणि संकेतस्थळे बांधणारे अभियंते रात्र रात्र जागत.

यावर कडक शिस्तीचा उपायही करून झाला. २००० साली एक्सएचटीएमएल ही भाषा प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिचे पान कडक नियमांनुसार पाठवले, तर एक टॅग मिटायचा राहिला तरी पानाच्या जागी चुकीचा संदेश दिसे. पण एका विसरलेल्या तिरक्या रेघेपायी संपूर्ण पान गमावणे कोणाला परवडणार? बहुतेकांनी तो कडकपणा टाळला आणि २००९ साली त्या भाषेच्या पुढच्या आवृत्तीचे काम थांबवण्यात आले. त्याऐवजी नव्या एचटीएमएलमध्ये एक शहाणपणाचा मार्ग काढला गेला. लोक चुका करणारच, तर त्या कशा सांभाळून घ्यायच्या याचेही नियम लिहून काढावेत, म्हणजे सर्व ब्राउझर एकाच रीतीने सांभाळून घेतील. दत्तक आणि सांभाळ यांचे वर सांगितलेले नियम त्यांतलेच. एचटीएमएल ५ ही आवृत्ती २०१४ साली प्रमाण म्हणून मान्य झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्राउझर चूक झाकतो. चूक नाहीशी करीत नाही. फाइलमध्ये ती जशीच्या तशी राहते. पुढे ते पान दुरुस्त करायला जो अभियंता बसतो, त्याच्या वाट्याला ती येते, आणि कपाळाला हात लावण्याचा प्रसंगही त्याच्यावरच येतो.

तक्त्याचे घर आणि न दिसणारे चित्र

आणखी एक जुनी खोड पाहा. तक्ता कशासाठी असतो? वेळापत्रक, गुणपत्रक, तापमानाच्या नोंदी अशा माहितीसाठी. पण १९९० नंतरच्या त्या काळात पानाची मांडणी करण्याचे दुसरे चांगले साधन नव्हते. मग लोकांनी सबंध पानच एका अदृश्य तक्त्यात बसवले. डाव्या घरात यादी, मधल्या घरात लेख, उजव्या घरात जाहिरात. तक्त्याच्या घरात पुन्हा तक्ता, त्याच्या घरात आणखी एक तक्ता! दोन गोष्टींत अंतर हवे असेल तर एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र घ्यायचे आणि ते ताणून पाचरीसारखे मध्ये ठोकायचे. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकामुळे या क्लृप्त्या फार लोकप्रिय झाल्या. पुढच्याच वर्षी, वेब बिघडले आणि ते मीच बिघडवले, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख खुद्द सीगल यांनीच लिहिला.

खरा उपाय तोपर्यंत तयार होत आला होता. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएस ही कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात ती प्रमाण झाली. तिचे तत्त्व असे. एखादी गोष्ट काय आहे, हे एचटीएमएलने सांगावे. ती कशी दिसावी, हे सीएसएसने सांगावे. नाटकाची संहिता वेगळी आणि पात्रांचा पोशाख वेगळा, तसेच हे. पोशाख बदलला म्हणून संहिता फिरून लिहावी लागत नाही.

तरीही जुनी सवय सुटत नाही. एचटीएमएलमध्ये लागोपाठ वीस मोकळ्या जागा दिल्या तरी पडद्यावर एकच दिसते. मग एखादा हुशार मुलगा 'न तुटणारी मोकळी जागा' या खास चिन्हाचा शोध लावतो आणि शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी ते ३० वेळा लिहितो. त्याच्या संगणकावर शीर्षक अगदी मधोमध! पण मोबाइलचा पडदा अरुंद असतो. तेथे तेच शीर्षक उजव्या कडेला जाऊन आपटते आणि दोन ओळींत मोडते.

लुकलुकणारी अक्षरे

खोडींच्या या दरबारात मानाचे पान मात्र 'ब्लिंक' या टॅगचे. त्याच्या पोटातली अक्षरे सतत लुकलुकत. नेटस्केप कंपनीचे अभियंते लू मोन्टुली यांनी यामागची हकिकत सांगितली आहे. १९९४ च्या सुमारास एका संध्याकाळच्या गप्पांत ते म्हणाले, की फक्त अक्षरे दाखवू शकणाऱ्या साध्या ब्राउझरमध्ये आपले नवे प्रकार काही चालणार नाहीत. चाललीच तर लुकलुकणारी अक्षरे चालतील! सर्वजण हसले. पण एका सहकाऱ्याने ती थट्टा रातोरात प्रत्यक्षात उतरवली आणि लवकरच जगभरची पाने काजव्यांसारखी लुकलुकू लागली. फायरफॉक्स या ब्राउझरने २०१३ साली हा टॅग काढून टाकला.

त्याचा भाऊ 'मार्की', म्हणजे डावीकडे धावणारी मजकुराची पट्टी. प्रमाण भाषेने तो टॅग कालबाह्य ठरवला आहे, पण अशा पट्ट्या अजून अनेक पानांवर धावताना दिसतात. महत्त्वाची सूचना वाचायला जावे, तर ती निम्मी वाचून होते न होते तोच निसटते, आणि पुन्हा येईपर्यंत वाट पाहावी लागते. हळू वाचणाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला ती कधीच पुरी वाचता येत नाही. लुकलुकण्याचा धोका तर याहून मोठा आहे. वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने काही लोकांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. म्हणून पानावरील कोणतीही गोष्ट एका सेकंदात ३ पेक्षा अधिक वेळा चमकू नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

'मराठी' या शब्दातले येन आणि युरो

आता आपल्या घरची गोष्ट. संगणक अक्षरे साठवतो ती आकड्यांच्या रूपात. आज बहुतेक पाने यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली जातात. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत. म्हणजे एकूण ५ × ३ = १५ बाइट झाले.

आपण कोणती पद्धत वापरली, हे पानाच्या सुरुवातीला एका ओळीत सांगायचे असते. ती ओळ लिहायचा कंटाळा केला, तर ब्राउझरला अंदाज बांधावा लागतो. त्याने जुनी युरोपीय पद्धत गृहीत धरली, की तो प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजतो. मग ५ चिन्हांच्या जागी १५ विचित्र चिन्हे उमटतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन अक्षर ५ वेळा येते, आणि शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या जागी त्या अक्षरापुढे चक्क जपानच्या येनचे आणि युरोपच्या युरोचे चिन्ह दिसते! आपली भाषा अशी परदेशी चलनात मोडलेली पाहिली, की समजावे, पान लिहिणारा ती एक ओळ विसरला.

दुसरी एक ओळ असते पानाची भाषा सांगणारी. देवनागरीत मराठीही लिहितात, हिंदीही लिहितात. हे पान मराठीचे आहे, हे संगणकाला कोणी सांगायचे? त्यासाठी 'एमआर' ही दोन अक्षरी खूण आहे. ती दिली तर काही फाँट आपोआप मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीलाही मराठी उच्चार निवडता येतात.

डोळे मिटून वाचलेले पान

पान मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. ज्यांना दिसत नाही ते विद्यार्थी, शिक्षक, वकील, अभियंते अशाच आज्ञावलीच्या साहाय्याने वेब वाचतात. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. एनव्हीडीए हा त्यांपैकी एक, विनामूल्य मिळणारा. त्याचे काम २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केले आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन.

स्क्रीन रीडरला पान 'दिसत' नाही. तो टॅग वाचतो. म्हणून ब्राउझरने डोळस वाचकापासून झाकलेल्या सर्व खोडी येथे उघड्या पडतात.

शीर्षकाचेच पाहा. एचटीएमएलमध्ये शीर्षकाचे सहा स्तर आहेत. एनव्हीडीए वापरणारा विद्यार्थी एच ही कळ दाबतो आणि एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी घेतो, जशी तुम्ही पुस्तकाची पाने चाळता. पण लेखकाने शीर्षकाचा टॅग न वापरता नुसती अक्षरे मोठी व ठळक केली असतील, तर? डोळ्यांना ते शीर्षक वाटते. स्क्रीन रीडरच्या लेखी मात्र त्या पानावर एकही शीर्षक नाही. त्या विद्यार्थ्याला ४० परिच्छेद पहिल्यापासून ऐकत बसावे लागते.

किंवा 'डिव्ह' या टॅगचे घ्या. डिव्ह म्हणजे नाव नसलेला डबा. स्वयंपाकघरातील सर्व डबे एकसारखे असावेत आणि एकावरही चिठ्ठी नसावी, मग साखर कोणती आणि मीठ कोणते? यादी, मुख्य लेख, तळटीप यांसाठी भाषेत वेगवेगळे टॅग असताना कित्येक लेखक सबंध पान डिव्हमध्येच कोंबतात. बटणसुद्धा डिव्हचेच करतात. रंग दिला, कडा गोल केल्या, झाले बटण! माउसने ते दाबता येते. पण खऱ्या बटणावर टॅब कळीने जाता येते आणि एन्टर कळीने ते दाबता येते. या रंगवलेल्या डब्यावर तसे काही होत नाही. 'अर्ज पाठवा' हे बटण असे असेल, तर सबंध अर्ज भरून झाल्यावर शेवटच्या पायरीवर तो विद्यार्थी अडून बसतो.

चित्रांची गोष्टही तशीच. चित्राच्या टॅगमध्ये त्याचे वर्णन लिहिण्याची सोय आहे. ते लिहिले नाही, तर काही स्क्रीन रीडर फाइलचे नावच वाचू लागतात: 'आयएमजी, शून्य, शून्य, चार, सात'. पान केवळ शोभिवंत करणाऱ्या नक्षीला वर्णनाची गरज नसते. तेथे वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे स्क्रीन रीडर ती नक्षी वगळून पुढे जातो. पण परीक्षेचे वेळापत्रक कागदावर छापून, त्याचा फोटो काढून, तो फोटो वर्णनाशिवाय पानावर लावला तर? वर्गातील बाकी सर्वांना पेपर किती वाजता आहे ते कळते, आणि एका विद्यार्थ्याला कळते, की 'येथे एक चित्र आहे'.

दुवे म्हणजे लिंक हीही अशीच एक जागा. स्क्रीन रीडर पानावरील सर्व दुव्यांची यादी काढून देतो. ती यादी 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' अशी असली, तर कोणता दुवा निकालाचा आणि कोणता शुल्काचा? दुव्यावर 'दहावीचा निकाल पाहा' असे लिहिले असते, तर काय बिघडले असते?

हे सौजन्यापुरतेच राहिलेले नाही. वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ साली प्रसिद्ध झाली. आपल्या देशातही दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर त्यांना वापरता येईल अशा रूपात असावा, असे सांगितले आहे.

म्हणून टॅग निवडताना 'हे कसे दिसेल?' हा प्रश्न नंतर विचारावा. आधी 'हे काय आहे?' असे विचारावे. शीर्षक आहे, तर शीर्षकाचा टॅग. बटण आहे, तर बटणाचा. ब्राउझर तुमची चूक पोटात घालील, पण तिचा भुर्दंड कोणाला तरी पडतोच, आणि बहुधा तो अशा वाचकाला पडतो, की ज्याची लिहिणाऱ्याला आठवणही नसते.

तपासून पाहा

१. नोटपॅडमध्ये चार ओळींचे पान लिहून ते एचटीएमएल फाइल म्हणून जतन करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. मग मुद्दाम एक 'ठळक' टॅग मिटायचा ठेवा. तक्त्यात घराबाहेर एक वाक्य टाका. ते कोठे जाते, ते पाहा.

२. संगणकावर कोणतेही पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबा. त्या पानाचे टॅग दिसतील. त्यांत डिव्ह किती आणि शीर्षके किती, ते मोजा.

३. माउस बाजूला ठेवा आणि केवळ टॅब व एन्टर या कळांनी आपल्या शाळेचे किंवा एखाद्या वाचनालयाचे संकेतस्थळ वापरून पाहा. कोठे अडलात, त्याची नोंद करा.

४. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबवर एक विनामूल्य तपासनीस ठेवला आहे. तुमचे पान त्याला द्या. हा मात्र ब्राउझरसारखा मायाळू नाही. चूक कोणत्या ओळीत आहे ते तो नेमके सांगतो.

शाळेचे संकेतस्थळ तुमच्याच वर्गातील मुले सांभाळत असतील, तर ही नोंद त्यांना जरूर दाखवा. वेळापत्रकाच्या फोटोखाली तेच वेळापत्रक खऱ्या तक्त्यात लिहून देणे, एवढे काम तर एका तासिकेत होण्यासारखे आहे.